दिल्लीकर असण्याची अट

१२ जून
नातीच्या, कादंबरीच्या, अ‍ॅडमिशनचं काम मी हातात घेतलंय. मुलगा म्हणतो, "आई, आधी नियम वाच." यशोधनला वाचायला कोणी शिकवलं? मीच. ब्रोशरच्या पहिल्याच वाक्यात कॉमा चुकलाय. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी हातावर पट्टी मारली असती. पुढे वाचलं नाही.
ठरलं. दिल्ली सरकारचं विद्यापीठ. घरापासून मेट्रोने चार स्टेशनं. नात माझ्याजवळ राहील, हे महत्त्वाचं. बहुतेक जागा दिल्लीकरांना. आम्ही दिल्लीतल्या द्वारकेचे, म्हणजे दिल्लीकर. विषय संपला.

१५ जून
सून रेवती म्हणते, "आई, तिची बारावी गुरुग्रामची आहे. चालेल का विचारा ना." ही शंका काढायलाच जन्मली आहे. दहावीनंतर इथल्या शाळेतून काढून कादंबरीला गुरुग्रामला नन्सच्या शाळेत मीच घातलं. तिथे शिस्त आहे. आणि गुरुग्राम म्हणजे काय परदेश?

२४ जून
विद्यापीठात काउंटरवरच्या माणसाने माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. "आंटीजी, बारहवीं कहाँ से?" सांगितलं. "तो आउटसाइड दिल्ली." म्हटलं, घर दिल्लीत, मत दिल्लीत, धूर दिल्लीचा गिळतो! "घर नहीं देखते आंटीजी, स्कूल देखते हैं."
आंटीजी! इंग्रजीत असं सुनावलं की मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. कदाचित मी बाजूला झाले म्हणून.

त्याच संध्याकाळी
नियम वाचला. स्पष्ट लिहिलाय. उद्धट आहे, पण स्पष्ट.

२६ जून
महाराष्ट्र तरी आपला! पुण्याला भावाला फोन. सुधन्वा म्हणाला, "ताई, सरकारी कोट्याला दहावी-बारावी इथलीच लागते." म्हटलं, घरात मराठी बोलतो, दर जानेवारीत पानिपतला काला अंबच्या मराठा स्मारकाला जाऊन डोकं टेकतो. "अगं, त्याला फॉर्ममध्ये कॉलम नाही." फोन आपटला. मोबाइल धड आपटताही येत नाही.

९ जुलै
दिल्लीबाहेरच्यांच्या यादीत कादंबरी नाही. तिच्या जुन्या शाळेतल्या निहारला मात्र कमी मार्कांत जागा. यशोधनने दार जोरात लावलं.
कुलगुरूंना पत्र लिहिलं: राज्याची हद्द चुकीच्या ठिकाणी आखली आहे.

१४ जुलै
कादंबरीने मला न विचारता हरियाणाच्या एका सरकारी विद्यापीठात अर्ज केला होता. बारावी गुरुग्रामची, म्हणजे हरियाणाची, म्हणून तिथे ती स्थानिक! जागा मिळाली. घरापासून पाच तास. हॉस्टेल.
गळ्यात पडली. "आजी, तू शाळा बदलली नसतीस ना, तर मी इथेच अडकले असते यार! थँक यू!"
म्हणजे माझा निर्णय बरोबर होता. रेवतीला लगेच ऐकवलं. ती कादंबरीची बॅग भरत होती. म्हटलं, जुलैत स्वेटर कशाला? म्हणाली, "आई, दिवाळीआधी येणार नाही ती."
हे सरकारच नालायक आहे.