पुलावरचं धुकं

३ डिसेंबर

चि. ठिणगी हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण, आपल्या बाईसाहेब रुसल्या आहेत. तीन आठवडे झाले, गाडी जागची हलत नाही. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता 'टक्' करतो आणि गप्प बसतो. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. बॅटरी उन्हाळ्यातच नवी घातली, तिला मी हातही लावलेला नाही. आपण तिसरे मालक आणि गाडी तुझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान, तेव्हा तिचे नखरे मान्यच आहेत. पण ज्याने तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचं वायरिंग जुळवलं त्याच्याच शेडमध्ये ती अशी ठाण मांडून बसली म्हटल्यावर लोक हसणारच. तू डेपोत रोज बसगाड्यांच्या वायरींत हात घालतेस, म्हणून तुलाच विचारतो.

यामुळे तुझ्या आईची बुधवारची फेरी बंद पडली आहे. मावशीला अंथरुणावरून उठवत नाही आणि नदीपलीकडे तिच्या घराकडे धड बस जात नाही. आई मला एका शब्दाने बोलत नाही. बुधवार आला की पिशवी भरते, किल्लीचा आवाज ऐकते आणि पिशवी रिकामी करते. मला ते बघवत नाही.

सकाळी चहा झाला की मी शेडमध्ये जाऊन गाडीत बसतो. दार ओढून घेतलं की घरातले आवाज लांब जातात. पहिल्या मालकाच्या तंबाखूचा वास अजून सीटला आहे. स्टिअरिंगवर हात ठेवले की रस्ता आपोआप सुरू होतो. आधी पिठाच्या गिरणीचं फाटक, मग ती तीन उंच झाडं, मग उतार, मग पूल. हल्ली इकडे धुकं फार पडतं बघ. पुलापाशी आलो की माझ्या मनातल्या रस्त्यावरसुद्धा ते उतरतं आणि मी तिथूनच परत फिरतो.

काय काय तपासू ते कळव. इकडे तुझ्यावरच्या लोभात खंड नाही, तिकडेही नसावा.

तुझे,
बाबा

१० डिसेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

गुरूला धडा द्यायची वेळ माझ्यावर यावी म्हणजे कमालच झाली. सहा वर्षांची असताना बॅटरीवर पाना टाकून मी ठिणग्या उडवल्या, त्या दिवसापासून तुम्ही मला या नावाने हाक मारता आणि आता मलाच बॅटरीचं विचारता! डेपोतल्या लोकांना सांगितलं तर आठवडाभर त्यांना चघळायला विषय मिळेल.

असो. तुमचाच धडा तुम्हाला परत पाठवते. आधी बॅटरीची दोन्ही टोकं घासून घट्ट करा. मग इंजिनाला जोडलेली अर्थची वायर बघा. मग आतला दिवा लावून किल्ली फिरवा. दिवा मंदावला तर दोष बॅटरीत किंवा जोडात, तसाच जळत राहिला तर सेल्फमध्ये. एका वेळी एकच गोष्ट, आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. डोळ्यांवर रुमाल बांधून नुसत्या बोटांनी वायर ओळखायला तुम्ही मला लावत होतात, तेव्हा मी केवढी चिडायचे ते आठवतं का?

दिव्याकडे बघायला आईला आत बसवा. खरं तर तिला चाकामागेच बसवा. लग्नाआधी आजोबांचा टेम्पो चालवायची ती. तुम्ही शेजारी बसून पायाखालची चटई ब्रेकसारखी दाबायचात, म्हणून तिने सोडलं. तिचं लायसन्स अजून चालू आहे, मी मागच्या वर्षीच नवीन करून आणलं होतं.

तुमच्या पत्रातल्या ओळी हल्ली उजवीकडे चढत जातात. टेबल हलतंय का? मावशीला माझा नमस्कार. लोभ आहे तो उतरू देऊ नये.

तुमची,
ठिणगी

१८ डिसेंबर

चि. ठिणगी हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं त्याच क्रमाने केलं. टोकं चकचकीत. अर्थची वायर मजबूत. आतला दिवा जराही मंदावत नाही आणि सेल्फ फक्त 'टक्' करतो. म्हणजे दोष सेल्फच्या स्विचमध्ये, हे शाळेतलं पोरही सांगेल. तो स्विच इतक्या जुन्या गाडीसाठी सहज मिळत नाही, तेव्हा शोधण्यात महिना-दोन महिने जातील. घाई नको. आईला चाकामागे बसवण्याचं म्हणशील तर गाडी दुरुस्त झाल्याशिवाय त्यात अर्थ नाही.

बाकी मजेत आहे. माझं गाडीत बसणं रोज चालू असतं. काल पुलाच्या जरा पुढे गेलो होतो, मावशीच्या गल्लीचं निळं फाटकसुद्धा दिसलं, पण जिना काही केल्या आठवेना. शेजारची तपकिरी मांजरी हल्ली माझी सोबतीण झाली आहे. मी उतरलो रे उतरलो की ती बॉनेटवर चढते आणि पोट टेकून तासभर डाराडूर झोपते. एवढ्या थंडीत पत्र्यावर तिला काय सुख वाटतं कोण जाणे. तिच्याकडे बघत मलाही डुलकी लागते.

टेबल हलत नाही. मीच जरा घाईत लिहितो. जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझे,
बाबा

२२ डिसेंबर

चि. बाळीस,

अनेक आशीर्वाद.

तू हे पत्र वाचशील तेव्हा सर्दी गेलेली असू दे. इकडे हवा फार छान आहे. सबंध महिन्यात आभाळात ढगाचा ठिपका नाही, सकाळी सातला धुतलेले कपडे दहाला वाळतात आणि गच्चीवरून नदीपलीकडची घरं मोजता येतात. ताईचं घर त्यात कुठलं, हे मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरवते.

ताईकडे मागच्या आठवड्यात दोन बसगाड्या बदलून आणि पुढे चालत गेले. गुडघ्यांनी दोन दिवस त्याचा सूड घेतला. तिची नखं वाढली होती. मी गेल्याशिवाय ती कुणाला कापू देत नाही, वेणीही घालू देत नाही. आता पुढच्या बुधवारी ये, असं तिने तीनदा म्हटलं. मी हो म्हणून आले आणि आता कशी जाऊ ते कळत नाही. ती फार थकली आहे गं. किती बुधवार उरलेत कोण जाणे.

गाडीचं म्हणशील तर मी बसले की किल्ली फिरते आणि गाडी ढिम्म. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. त्यातलं घड्याळही बिघडलंय वाटतं. गाडीत राहिलेली पिशवी आणायला थोड्या वेळाने परत जावं तर दरवेळी बारा वाजून पाच-दहा मिनिटं. बाईसाहेबांचे खरोखरच बारा वाजले म्हणायचे.

तू डेपोतून कुणाला पाठवू मात्र नकोस. यांना वेळ लागतोय तर लागू दे, त्यांच्या मागे लागू नकोस. मी इकडे सांभाळते आहे. माया आहेच, ती काय लिहायची!

तुझी,
आई

२९ डिसेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

बाबा, गाडी सुरू होते. शेडच्या सावलीतल्या गाडीचं बॉनेट डिसेंबरात आपोआप गरम होत नाही आणि गार पत्र्यावर कुठलीही मांजरी पोट टेकून झोपत नाही. तुम्ही रोज इंजिन चालू करून बसता. आई बसायच्या आधी बॅटरीची वायर काढता आणि ती गेली की परत लावता. आईला घड्याळ नेहमी बारावर दिसतं आणि वायर काढून पुन्हा लावली की त्या गाडीचं घड्याळ बारापासून सुरू होतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आणि खरा बिघाड कधी पुस्तकात लिहिल्यासारखा येत नाही, तो काहीतरी विचित्र करूनच येतो, हेही तुमचंच. तुमचा बिघाड अगदी पुस्तकातला आहे. तिथेच मला पहिली शंका आली.

मग मी तुमची पत्रं पुन्हा वाचली. तुम्ही धुकं लिहिता आणि आई लिहिते की गच्चीवरून पलीकडची घरं मोजता येतात. तुमच्या ओळी वर चढतात. बाबा, तुम्हाला कधीपासून नीट दिसत नाही?

मी रागावलेली नाही, घाबरलेली आहे. तुम्ही गाडी थांबवलीत हे फार चांगलं केलंत. पण मावशी वाट बघते आहे आणि आई पिशव्या भरते आहे. डोळे दाखवा आणि किल्ली आईच्या हातात द्या. शेजारी बसून चटई दाबली तरी चालेल. मला एक ओळ लिहा, वाकडी असली तरी चालेल. लोभ कमी होईल असं काही तुम्ही केलेलं नाही.

तुमची,
ठिणगी

६ जानेवारी

चि. ठिणगी हिस,

अनेक आशीर्वाद.

हरलो. मांजरीने घात केला.

नोव्हेंबरातला बुधवार होता. मावशीकडून परत येत होतो, भर दुपारी. तुझी आई शेजारी डोळे मिटून पडली होती. पुलावर समोरून एक सायकलवाला येत होता आणि मला तो दिसला नाही. रस्ता दिसत होता, कठडा दिसत होता, मधला माणूस तेवढा नव्हता. त्याने घंटी वाजवली म्हणून मी चाक फिरवलं. हातभर अंतराने वाचला. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं असेल, पण मला त्याचा चेहरा म्हणजे एक धुरकट डागच होता. गाडी घरी कशी आणली ते आठवत नाही.

तुझ्या आईला सांगायला तोंड उघडायचो आणि गाडीबद्दल बोलायचो. आयुष्यभर लोक माझ्याकडे यायचे ते मला बिघाड दिसतो म्हणून. आता मलाच दिसत नाही हे कसं सांगू? त्यापेक्षा गाडीवर ढकलणं सोपं वाटलं. ती बिचारी काही बोलत नाही.

शेडमध्ये इंजिन लावून बसलो की मात्र सगळं स्वच्छ दिसायचं. झाडांची पानंसुद्धा. म्हणून रोज जात होतो. हे खुळ्यासारखं आहे, पण तुला सांगितलं.

परवा डॉक्टरकडे जातो. आईला तिथेच सांगेन. सायकलवाल्याचं मात्र सांगू नकोस, ती उगाच घाबरेल. या म्हाताऱ्याला पदरात घे.

तुझे,
बाबा

१५ फेब्रुवारी

चि. बाळीस,

अनेक आशीर्वाद.

डोळ्यांचं तुला फोनवर कळलंच आहे. नजरेचा मधला भाग गेला तो परत यायचा नाही, कडेचं दिसतं ते औषधाने टिकेल म्हणतात.  तिसऱ्या दिवशी यांनी शेडमध्ये जाऊन गाडी धुतली, किल्ली आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले की क्लच जरा वर धरतो, सांभाळून.

महिनाभर मैदानात हात बसवला. काल पहिल्यांदा ताईकडे निघालो. हे शेजारी मांडीवर हात ठेवून डोळे मिटून बसले होते आणि नुसत्या आवाजावरून मला गिअर सांगत होते. चटई तीनदाच दाबली. गिरणी गेली, झाडं गेली, उतार उतरलो आणि बरोबर पुलाच्या मधोमध गाडी बंद पडली. दिवा नाही, आवाज नाही.  मला वाटलं, यांनी पुन्हा तेच केलं.

पण यांचा चेहरा बघितला आणि कळलं की हे खरं आहे. मी बॉनेट उघडलं. हे खाली उतरून चाचपडत पुढे आले, डोळे मिटूनच दोन्ही हात आत घातले आणि वायरीमागून वायर बोटांनी चालत गेले. मग थांबले आणि हसायलाच लागले. बॅटरीच्या टोकावरची पकड सैल झाली होती. रोज काढ-घाल करून यांनीच ती झिजवली होती. खिशातली तांब्याची तार तिच्याभोवती गुंडाळून त्यांनी ती पान्याने आवळली. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि तिथेच कठड्यापाशी त्यांनी मला सायकलवाल्याचं सांगितलं.

बाळे, मी त्या दिवशी झोपले नव्हते. घंटी वाजायच्या आधीच तो मला दिसला होता आणि ओरडायचं सोडून मी दाराची मूठ घट्ट धरली. तो सुखरूप गेला आणि मी डोळे पुन्हा मिटून घेतले. यांनी पुढचा सगळा रस्ता चाक असं आवळून धरलं होतं की मी ते बघितलंय हे यांना कळू नये असं वाटलं. पुढे शेडमधलं इंजिन मला रोज ऐकू यायचं, तरी त्यांना वेळ दिला. दोन महिने पिशव्या भरल्या आणि रिकाम्या केल्या. किल्ली मी मागितली असती तर त्यांनी दिली असती, पण मग ती मी काढून घेतलेली झाली असती. मला ती त्यांनी द्यायला हवी होती. ताईचे इतके बुधवार त्यात गेले, त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील.

हे सगळं मी त्यांना पुलावर सांगितलं. त्यांनी हातातला पाना रुमालाला पुसून खिशात घातला. मग म्हणाले की चल, ताई वाट बघत असेल.

गाडी एका किल्लीत सुरू झाली. घड्याळ परत बारावर गेलं होतं. मी ते लावायला हात पुढे केला तर हे म्हणाले की राहू दे, मला ते दिसत नाही, इथून पुढे किती वाजले ते तूच सांगत जा. मी सांगितलं, सव्वा अकरा. आणि गिअर टाकला.

ताईची नखं कापली, वेणी घातली. तुझी आठवण काढली. ये लवकर.

तुझी,
आई