डोक्यामागची उशी आणि तुझी लेक

धाकटे, दादाचा आशीर्वाद. दाजींना नमस्कार सांग. गुडघ्याचं काय? शेकतेस, की नुसती कुरकुरतेस? मी ठणठणीत. मान तर इतकी ठणठणीत की तिच्यापायीच लिहायला बसलोय. फोन केला असता, पण लेकीचा विषय काढला की तू फोन आपटतेस. पत्र आपटून फुटत नाही.

तर ऐक. शाळेतली पक्की नोकरी सोडून पोरगी सीटा तपासायच्या कारखान्यात गेली, तिथं बाहुले आदळते, म्हणून तू चार महिने तिच्याशी बोलत नाहीस. (लोकांना मात्र सांगतेस ऑफिसात आहे. मला सगळं कळतं.) मागच्या महिन्यात ती दुकानात आली तेव्हा मी एका गाडीच्या सीटला कव्हर चढवत होतो. चाळीस वर्षं माझी पद्धत एकच, डोक्यामागची उशी पार खाली दाबायची. कव्हर ताणून बसतं, फट दिसत नाही, गिऱ्हाईक खूश. पोरगी म्हणते, "मामा, ही उशी डुलक्या काढायला नाही. मागून ठोकर बसली की पाठ सीटबरोबर पुढे जाते अन् डोकं मागे राहतं. ते अडवायला आहे ही. डोक्याएवढी उंच हवी, डोक्याला लागून हवी." म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून सीटा शिवतोय, मला शिकवू नकोस. पण हलेल तर शपथ. (हा हट्ट कुणाचा, तूच ओळख.) शेवटी तिचं तोंड बंद करायला माझ्या गाडीतली माझी उशी वर केली. शेजारची तशीच ठेवली. पाहुण्याची बाजू दिसायला बरी नको?

आठ दिवसांनी मी आणि माझा दोस्त नळवाला फोम आणायला निघालो. सिग्नलला उभे होतो. मागून पाण्याचा टँकर आला, तो थांबलाच नाही. डिकी मागच्या सीटपर्यंत आत. माझं डोकं धप्पकन उशीला टेकलं आणि विषय संपला. खाली उतरून टँकरवाल्याला पंधरा मिनिटं झापला, मान दोन्हीकडे फिरवून. नळवाला उतरलाच नाही. त्याचं डोकं उशीच्या वरून मागे गेलेलं. तीन आठवडे गळ्यात पट्टा. वाकता येत नाही, म्हणून बायको नळ उघडते आणि हा उभ्यानं सूचना देतो. मी त्याला सांगितलं, चूक माझी. तर म्हणाला, "कव्हर मात्र झकास बसलं होतं हं!" एकच गाडी, एकच टँकर, वय सारखं. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?

मग मी तिचा कारखाना बघून आलो. माणसाएवढा बाहुला सीटवर बसवतात, पट्टा लावतात, आणि सीट रुळावरून एकदम पुढे झटकतात. पापणी लवेपर्यंत खेळ खलास. तुझी लेक काचेपलीकडे उभी. तिनं अंगठा दाखवल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. मिशीवाले इंजिनियर तिला विचारतात, मॅडम, पाठ किती वाकली? (सीटची गं. अगदी ताठ असली तर माणूस चेंडूसारखा उसळतो, मोडून पडली तर मागच्याच्या मांडीवर.) आणि मी मॅडमचा मामा म्हणून मला खुर्ची, चहा! चौथी नापासाला! छाती अशी फुगली की पट्टा लावला असता तर तुटला असता.

तेव्हापासून जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या गाठून उश्या वर करत फिरतोय. परवा बाजारात एका उघड्या खिडकीतून हात घातला, ती गाडी निघाली भलत्याचीच. मालक मला पोलीस चौकीवर नेत होता. मी सगळं समजावलं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं आपली आणि बायकोची, दोन्ही उश्या वर ओढल्या.

बाकी क्षेम. फार ताणत नाही.

तुझा दादा

ता. क. शनिवारी अकरा वाजता तिला त्या खात्याची प्रमुख करतायत. घरचं एकच माणूस बोलवायचंय. तिनं कागदावर आधी तुझं नाव लिहिलं, मग खोडलं, मग माझं लिहिलं. मी माझं खोडून आलोय. आता त्या कागदावर कुणीच नाही.

आणखी एक. दाजींच्या गाडीनं येऊ नकोस. तुमची पुढची दोन्ही कव्हरं मी उशीसकट एकसंध शिवलीत, ओढूनही वर यायची नाहीत. (तूच वाखाणलं होतंस.) बसनं ये. कात्री घेऊन मी रविवारी येतो. पोरीला हे सांगू नकोस. ओरडते फार.