दहा मिनिटांऐवजी चौतीस मिनिटे

दि. १५ ऑक्टोबर २००७

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
वत्सलादीप धर्मादाय रुग्णालय,
कर्वेनगर, पुणे.

विषय : कालकथित ललिता दशरथ ओव्हाळ यांच्या शेवटच्या डायलिसिसच्या नोंदीत दहा मिनिटांऐवजी चौतीस मिनिटे अशी दुरुस्ती करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, दि. ३ सप्टेंबर. २) आपले उत्तर, जा. क्र. ४१८, दि. २६ सप्टेंबर.

महोदय,

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो आहे. दुसऱ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे आपल्या उत्तराची भाषा मला परकी वाटली नाही. तरी खालील बाबी आपल्या निदर्शनास आणणे मला भाग आहे.

१. माझी पत्नी ललिता अडीच वर्षे दर मंगळवारी व शुक्रवारी आपल्याकडे डायलिसिस घेत होती. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवण्याचे औषध देतात. औषध कमी पडले तर फिल्टरमध्ये गुठळ्या होतात, आणि जास्त झाले तर हातातल्या सुया काढल्यावर रक्त थांबत नाही. म्हणून प्रेमला सिस्टरांनी प्रत्येक खाटेला एक वही टांगली होती. फिल्टर किती लाल राहिला आणि कापूस किती मिनिटे दाबून धरावा लागला, एवढेच त्यात लिहीत. कापूस नातेवाइकाने दाबायचा अशी पद्धत होती. मिनिटे वाढली की सिस्टर डॉक्टरांना गाठून औषध कमी करून घेत.

२. ललिताचा भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास नव्हता. मी कापूस दाबला की ती सावकाश त्रिशरण-पंचशील म्हणू लागे. एका वेळेला दोन मिनिटे लागत आणि पाचव्या वेळी कापूस कोरडा निघे. सिस्टर विचारीत, "आज कितव्याला?" ती हसून बोटे दाखवी.

३. जूनमध्ये विभागात संगणक आला. वह्या कपाटात गेल्या आणि सिस्टर दुसऱ्या वॉर्डात. माझा मुलगा चेतन हिंजवडीत याच प्रकारचे काम करतो, त्यामुळे कुरकुरणाऱ्या नातेवाइकांची समजूत मीच मोठ्या अभिमानाने काढली. संगणकात रक्त थांबण्याच्या वेळेचा रकाना आहे. त्यात दहा हा आकडा आधीच भरलेला असतो. पंधराच्या वर गेले तर पडदा लाल होतो आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय खाट मोकळी होत नाही. डॉक्टर पाच वाजता येत.

४. जुलैत आमची मोजणी सातव्यावर, मग नवव्यावर गेली. रकान्यात दहाच राहिले. शुक्रवार, दि. १० ऑगस्ट रोजी ती सतराव्यावर गेली. बाहेर अनंतराव हे पुढचे रुग्ण धापा टाकत बसले होते. संगणकावरच्या सलोनीने विचारले, "काका, दहाच राहू दे ना? बाहेर खोळंबलेत." मी म्हणालो, "राहू दे." त्या वेळी ललिता चौथ्या शीलावर होती. खोटे न बोलण्याचे ते शील. ती थांबली, तिने माझ्याकडे पाहिले आणि ती पुढचे म्हणू लागली.

५. त्याच संध्याकाळी वारज्याच्या घरी ती उंबऱ्याला अडखळून पडली. डोक्याला बाहेरून साधे टेंगूळ होते. आत रक्त साचत गेले, ते कोणालाच थांबवता आले नाही. रविवारी ती गेली.

६. पहिल्या अर्जात मी सगळा दोष विभागावर टाकला. आपण कळवलेत की, "रक्त थांबण्याची वेळ दहा मिनिटे, समाधानकारक, नातेवाइकाने सांगितल्याप्रमाणे." हे बरोबर आहे. तो नातेवाईक मीच. जुलैतच मी खरा आकडा लिहायला लावला असता तर औषधाची चौकशी झाली असती. रकाना नीट भरला की प्रकरण निकाली, ही सवय मी घरी आणली आणि तिच्या हातावर वापरली. हे मी अजून चेतनला सांगितलेले नाही.

७. दुरुस्तीसाठी मी खिडकीवर आलो असता रुग्णाने समक्ष सही करावी असे सांगण्यात आले. रुग्ण हयात नाही म्हटल्यावर, तसे संगणकात दिसत नाही, असे उत्तर मिळाले. आजही मंगळवारी व शुक्रवारी चेतनच्या मोबाइलवर संदेश येतो की ललिता ओव्हाळ गैरहजर आहेत, असेच राहिल्यास खाट रद्द होईल. आपल्या संगणकातली तिची ही एक नोंद मात्र बिनचूक आहे.

८. तरी दहाच्या जागी चौतीस लिहावे, रकान्यात आधीच आकडा भरून ठेवू नये आणि वह्या परत खाटांना टांगाव्यात, ही विनंती. सलोनीला बोल लावू नये. तिने विचारले होते, उत्तर मी दिले. वह्या लिहायला माणूस नसेल तर मंगळवार-शुक्रवार दुपारी दोन ते सहा मी येऊन बसेन. कापूस कसा दाबायचा ते मला येते. पंचशील पाठ आहे. चौथ्यापाशी आवाज अडतो, पण मिनिटे चुकणार नाहीत.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, चूक कबूल असलेला अर्जदार,

(सही)
दशरथ धोंडिबा ओव्हाळ
वारजे, पुणे

सोबत :
१) आपल्या उत्तराची प्रत.
२) प्रेमला सिस्टरांच्या वहीतील ललिताच्या पानांची झेरॉक्स.
३) दुरुस्तीचा छापील नमुना. सर्व रकाने भरले आहेत. रुग्णाच्या सहीची जागा कोरी आहे.