जात्यात दळलेली काच

माय, तुला अक्षर येत नव्हतं, म्हणूनच इतकं मोकळेपणानं लिहितेय. आज नातीनं तिच्या मातीकामासाठी बेरियमच्या फ्रिटचं पाकीट मागवलं. मैद्यासारखी तयार पूड. हातात घेतली आणि मला तुझं जातं आठवलं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. बाबा वाशीमच्या प्रशिक्षण केंद्रात मातीच्या भांड्यांना काचेची झिलई करायला शिकले आणि गोणीभर काचेचा चुरा घेऊनच घरी आले. कच्चं बेरियम म्हणजे उंदराचं विष; वाळूबरोबर वितळवून पाण्यात ओतलं की त्याची काच होते, तीच फ्रिट, असं ऐटीत सांगत होते. मला ती खडीसाखर वाटली. मी हात घातला आणि तू असा धपाटा दिलास की पाठ अजून हुळहुळते. पण चुरा दळायचा कशात? बाबा तुझ्या जात्याकडे बघत उभे. मेडशीहून, तुझ्या माहेरून आलेलं ते जातं.

"काहून हो, जवारीच्या जात्यात काच घालता?"

"एक भट्टी होऊ दे. मंग तुले नवं आनतो."

नवं येणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी बसलीस. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून पदर घट्ट बांधलास. मला जवळ येऊ देत नाहीस, म्हणून मी उंबऱ्यावर बसून रोजच्या ओवीची वाट बघते आहे. जातं फिरतंय, ओवी येत नाही. "माय, म्हन नं!" मी ओरडते. तू नुसती मान हलवतेस.

बरण्या हिरव्यागार, चकचकीत निघाल्या. शिरपूरला देवळाशी हातोहात खपल्या. एक तू स्वतः मिरवलीस, "पाहा, थेंब नाई झिरपत!" मलाही कौतुक होतं, पण त्या बरणीचा रागच जास्त होता. जात्यात पुन्हा दाणा पडला नाही. दळण गिरणीवर जाऊ लागलं आणि तुझं गाणं संपलं. मोठेपणी ओवीसाठी हट्ट धरला तर म्हणालीस, "आता कायले वं? हाताले काम नाई, काय म्हनू?" मी हसून सोडून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

आज नातीला म्हटलं, पुडीत गाठी आहेत, घोटून देते. गाठी नव्हत्या. दार लोटलं, पाणी घालून खलात घोटत बसले. ओव्या आल्या. शब्द तुझे, चालही तुझीच. आवाज मात्र माझा निघाला, माय. मला तुझा ऐकायचा होता.