फिरवता न येणारा रेग्युलेटर

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

माझ्या छोट्या विमानाच्या इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब सांभाळणारे दोन रेग्युलेटर माझ्याकडे आहेत. एकाचा दाब स्क्रूने बदलता येतो, दुसऱ्याचा कायमचा ठरलेला. स्क्रूचा मीच हट्टाने बसवला. विमान मी बांधलं, मग दाबही माझ्या हातात असावा.

आज जमिनीवरच्या चाचणीत इंजिन अडखळलं. मदतीला येणाऱ्या मेकॅनिक सलीमभाईंनी जन्मभर जीपची इंजिनं कानाने लावली. त्यांनी न विचारता स्क्रू पाव फेरा फिरवला. इंजिन सुरळीत झालं, पण दाबाचा काटा खाली आला.

"सर, काट्याले काय पाहून राह्यले? आवाज ऐका ना!"

जमिनीवर ठीक आहे. उड्डाण घेताना पेट्रोल कमी पडलं, तर आवाज ऐकायला मी एकटाच असेन, आणि तोवर उशीर झालेला असेल.

त्यांचा राग आला? नाही. गेल्या आठवड्यात तोच स्क्रू मी दोनदा फिरवला, वहीत लिहिलंही नाही. खुपतंय ते हे.

ठरलं. स्क्रू नसलेलाच बसवायचा. लगेच सांगून टाकलं.

"मंग आमच्या हातावर भरोसा नाही का तुमचा?"

"माझ्याही हातावर नाही, सलीमभाई."

ते हसले. पाना घेतला आणि जुना रेग्युलेटर उतरवायला बसले.