काहीच लक्षात न ठेवणारं सर्च इंजिन

३ मार्च, मंगळवार

झालं! आज वन्संनाच विचारून बसले — "पावतीवर नाव काय लिहू?"

ह्यांची सख्खी थोरली बहीण. सत्तावीस वर्षांचं नातं. पण केस आखूड कापलेले, नेहमीचा चष्मा नाही, त्यात घसा बसलेला. मग मी ओळखणार कशावरून?

"लिही — परकी बाई!" म्हणाल्या. धुवायला आणलेला कोट टेबलावरून उचलला आणि चालत्या झाल्या. पाठमोऱ्या दिसल्या तेव्हा कुठे कळलं. डावा पाय जरा ओढतात. हाक मारेपर्यंत त्या रस्त्याला लागल्या होत्या.

लाँड्रीत मी माणूस कपड्यांवरून ओळखते. निळा चौकडा, झिजलेली कॉलर — बँकेतला शिपाई. खिशावर शाईचा डाग — ड्रॉइंगचे मास्तर. गिऱ्हाइकं म्हणतात, बाईंची नजर काय तीक्ष्ण!

नजर!!

४ मार्च

सकाळी हे कॉम्प्युटरवर बातम्या वाचत होते. बातमीच्या बाजूला जाहिरात — स्मरणशक्तीच्या गोळ्या. त्याखाली — विसरभोळ्या आईवडिलांना कसं सांभाळाल. त्याखाली पुन्हा गोळ्या. "ह्या डबड्याला झालंय तरी काय? सारखं हेच!"

काय झालंय ते मला माहीत आहे. हे बाहेर पडले की मीच शोधत बसते — चेहरे लक्षात राहण्यासाठी उपाय. डबड्याने बरोबर चुगली केली.

जेवताना हळूच म्हणाले, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" म्हणजे वन्संचा फोन येऊन गेला. त्यांना वाटतंय, माझं डोकं चाललं. अहो, मला तर कळायला लागल्यापासून असंच आहे! पण सांगू कुणाला? वेड्यात काढतील.

५ मार्च

वाचनालयाच्या बाई पडदे धुवायला टाकून गेल्या. सहज विचारल्यासारखं विचारलं — जाहिराती हात धुऊन मागे लागतात, त्याला काय करायचं?

"सर्च इंजिन बदला. एक आहे, ते काही म्हणजे काही लक्षात ठेवत नाही. रोज गेलात तरी त्याला तुम्ही नव्याच!"

हसूच फुटलं. माझं भावंडच म्हणायचं! कसं बदलायचं ते पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.

६ मार्च

केलं! कोपऱ्यात तीन ठिपके. मग सेटिंग. मग 'सर्च इंजिन' — पाच नावं, एकापुढे खूण. ती खूण दुसऱ्यापुढे नेली. बस्स. एवढंच! मला वाटत होतं, काहीतरी जळेल.

कोरं पान. मधोमध एक चौकट. त्याला मी कोण ते ठाऊक नाही आणि उद्याही नसणार. म्हणून आजवर कधी न लिहिलेलं लिहिलं — मला माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. लहानपणापासून. आरशातला माझासुद्धा.

गोळ्या नाहीत! पहिलंच पान एका बाईंचं. पेशाने नर्स. लिहितात — "मी आईला तिच्या खोकल्यावरून ओळखते. एकदा दुकानात समोरून येणाऱ्या बाईला वाट द्यायला बाजूला झाले, तर तो आरसा होता."

अगं बाई! मी पण झालेय बाजूला! वर "या, बसा" म्हटलंय!

उठले. पाणी प्यायले. पुन्हा बसून पहिल्यापासून वाचलं. ह्याला नाव आहे. चेहरा-अंधत्व. पुष्कळांना जन्मापासून असतं. डोळे धड, अक्कल धड, स्मरणशक्तीही धड. शंभरात एक-दोघं तरी असे निघतात, म्हणे.

खिडकीशी जाऊन खाली बघत राहिले. ऑफिसं सुटली होती, रस्ता भरून माणसं चालली होती. मनात मोजत होते — शंभरात एक-दोघं. म्हणजे ह्या गर्दीतही आहेत! रोज एकमेकांसमोरून जातो आम्ही, आणि कुणीच कुणाला ओळखत नाही! अंगावर सर्रकन काटा आला. चोपन्न वर्षं मला वाटत होतं, देवाने हा नमुना एकच काढला.

७ मार्च

ह्यांना ते पान वाचायला दिलं. दोनदा वाचलं त्यांनी. चष्मा काढला.

"मग मला कशी ओळखतेस?"

"किल्ल्यांच्या आवाजावरून. खांद्यांवरून. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबता, त्यावरून."

"आणि लग्नात?"

"नवरदेवाच्या कपड्यांत तुम्ही एकटेच होतात!"

हसले. हसता हसता डोळे पुसले. "सत्तावीस वर्षं एकटीने ओढलंस हे? मला सांगायचं तरी!"

काय सांगणार होते? ह्याला नाव आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं?

१० मार्च

भर दुपारी हे लाँड्रीच्या दारातूनच ओरडले — "मी आलोय! तुझा नवरा!" गिऱ्हाइकं खो खो हसली. मी मात्र इस्त्री उभी करून नुसती बघत राहिले. समोरून कोण येतंय ह्याचा अंदाज न बांधता उभं राहणं — असं असतं होय हे! किती हलकं!

मग दोघं वन्संकडे गेलो. आधी त्यांना पटेना. "म्हणजे आता दर वेळी नाव सांगत येऊ?"

"हो."

वन्सं उठल्या. मग आत जाऊन तो कोट आणून माझ्या मांडीवर ठेवला. जीव भांड्यात पडला.

१५ मार्च, रविवार

लेक आली, नोकरीच्या गावाहून. तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. पांढरीफटक पडली. मग अगदी हळू म्हणाली —

"आई, म्हणजे बाकीच्या लोकांना नुसता चेहरा बघून कळतं?"