गाडी कोणाची, याबाबत

मी, ज्योतिबा दगडोबा साकोरे, वय ७१, दौंडचा निवृत्त रेल्वे फिटर, हल्ली राहणार केंदूर, ता. शिरूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नसल्याचे माझा भाऊ पोपटराव गावभर सांगतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर आणि विहिरीजवळचे रान मुलगा महेंद्र याला. बँकेतील ठेव महेंद्र व सून सोनम यांना निम्मी निम्मी.

२. पाने, जॅक व सगळी हत्यारे सोनमला. कारण लिहितो. मोटारीच्या ब्रेकमध्ये हवा शिरली की पेडल मऊ पडते. ती काढायला दोघे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचे निपल, म्हणजे तेल सोडायचा बारका स्क्रू, सैल करून जुने तेल नि बुडबुडे बाहेर सोडायचे, आणि निपल आवळल्यावरच पेडल सोडायचे. माझी बायको धुरपदा होती तोवर पेडलवर ती बसायची. महेंद्रला शिक्रापूरच्या कंपनीतून सवड नाही, म्हणून ती वारल्यावर मी पेडलवर सोनमला बसवले. सासऱ्यापुढे मोठ्याने बोलू नये म्हणून ती पुटपुटायची. गाडीखाली मला काही ऐकू येईना. मी आवळायच्या आत ती पाय उचलायची नि हवा पुन्हा आत. शेवटी मीच ओरडलो, "अगं, लाजत बसलीस तर ब्रेक न्हाई लागायचा! वरड!"

तेव्हापासून ती ओरडते. "दाबलाय, आबा! आवळलं का? का झोपलात?" सगळ्या आळीला ऐकू जाते. पोपटराव कुंपणाशी येऊन म्हणाला, "सून सासऱ्यावर वरडती आन् तू खाली पडून ऐकतो? घराण्याला लाज हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई. ब्रेक हाय."

३. सोनम गाडी चालवत फुले बाजारात नेते, हे महेंद्रला खुपते. माझ्यामागे गाडी विकून तिला घरी बसवायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. पोरा, तुझ्यावर माझा जीव आहे. पण चुलत्याच्या नादी लागतोस याचा संताप येतो.

४. गाडी सोनमला द्यावी, असे इथे लिहिणार होतो. मग वाटले, तुम्ही चुलते-पुतणे हरकत घ्याल आणि भांडायला मी नसेन. म्हणून गेल्याच आठवड्यात गाडी तिच्या नावावर करून दिली. या मृत्युपत्रात गाडी नाही, कारण ती आता माझी नाही. ज्याला भांडायचे असेल त्याने माझ्या जिवंतपणी यावे. मी बहुधा गाडीखाली असेन. मालकिणीला विचारून मला बाहेर बोलवावे.

हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पाडून पाहावे.

ठिकाण: शिरूर
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ज्योतिबा दगडोबा साकोरे (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. गिताबाई म्हस्कू पऱ्हाड, शेजारी (सही)
२. माऊली भारत सुक्रे, केंदूर (सही)